जेमतेम अडीच वर्षांचा फ्लॅट घेतोय, पण वॉरंटीचा एकही कागद नाही

मुलुंडला_निघालेला :

नमस्कार मंडळी, मुलुंड पूर्वेला टू बीएचके जवळपास फायनल केलाय. रिसेल आहे पण बिल्डिंग नवीच म्हणायची, ओसी (राहायला परवानगी देणारा महापालिकेचा दाखला) डिसेंबर २०२२ ची. टोकन दिलंय, लोन सँक्शन झालंय, अ‍ॅग्रीमेंट पुढच्या महिन्यात. ओनर नवरा-बायको ऑगस्टमध्ये कॅनडाला चाललेत कायमचे, त्यामुळे सगळं घाईघाईत आणि एजंटला तर आमच्यापेक्षा जास्त घाई.

तर झालं असं की सासरे म्हणाले घर घ्यायचं तर पावसात बघून घे, म्हणून गेल्या रविवारी सकाळपासून धो धो चालू होता तेव्हा मुद्दाम न कळवता गेलो. हॉलच्या खिडकीखाली दोन विती रंग फुगलेला. बोट लावलं तर पापुद्रा हातातच आला, आत पुट्टी ओली, पिठासारखी. मास्टर बेडरूममधला वॉर्डरोब भिंतीला फिक्स आहे, त्याच्या खालच्या कप्प्यात हात घातला तर प्लायला कुबट वास, आणि मागे बाथरूमचीच भिंत. ओनर अगदी सहज म्हणाले, अहो बिल्डरची वॉरंटी आहे ना, करून देतात ते. म्हटलं छान, मग तो वॉरंटीचा कागद द्या. तर कागद नाही! पझेशनच्या वेळी बिल्डरने एक जाडजूड फाईल दिली होती हे दोघांनाही आठवतं, ती कुठे आहे हे दोघांनाही आठवत नाही, त्या म्हणतात ह्यांनी ठेवली आणि हे म्हणतात हिने.

बिल्डरच्या ऑफिसात फोन केला तर तिथली मुलगी म्हणते "सर तुम्ही आमचे कस्टमर नाही, फर्स्ट ओनरला कॉल करायला सांगा". फर्स्ट ओनरने केला तर त्याला म्हणतात "तुम्ही तर विकताय ना फ्लॅट". आता बोला.

मला एवढंच कळत नाहीये की घराची म्हणून जी वॉरंटी असते तिचा नेमका कागद कुठला, हरवला तर दुसरा कोण देतं, आणि मालक बदलला की ती उरते का संपते? शिवाय तीन एसी, दोन गीझर, चिमणी, हॉब, व्हिडिओ डोअरफोन सगळं फ्लॅटबरोबर येतंय, त्यातल्या एकाचंही बिल नाही. एजंटचं एकच पालुपद, "मिल जाएगा साहब".

सेक्रेटरी_काका :

बोरिवलीत नऊ वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे, हा घोळ वर्षातून एकदा तरी टेबलावर येतोच. पहिलं म्हणजे घराला मिक्सरसारखं वॉरंटी कार्ड नसतं हो, तुम्ही जे शोधताय ते मुळात कुणी छापलेलंच नाही. वॉरंटी आहे ती २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डर आणि घर घेणारे ह्यांच्यासाठीच्या कायद्यात, कलम १४ पोटकलम ३. पझेशन दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला, मालाच्या दर्जातला किंवा सोयींमधला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला तर त्याने तो एक पैसा न घेता तीस दिवसांत दुरुस्त करायचा, नाही केला तर नुकसानभरपाई मागता येते. आणि त्या फोनवरच्या मुलीला सांगा की कलम २ मध्ये अ‍ॅलॉटी म्हणजे फ्लॅट मिळालेला माणूस कोण याची व्याख्या दिलीय, त्यात नंतर विकत घेऊन मालक झालेला माणूसही येतो. भाडेकरू नाही येत. तुम्ही येता. फक्त मालक बदलला म्हणून पाच वर्षं नव्याने मोजत नाहीत, पहिल्या मालकाची जी तारीख तीच तुमची.

म्हणजे तुमच्यासाठी सोन्यासारखा कागद एकच, पझेशन लेटर. त्यावर तारीख असते. आता ह्यात मुंबईची एक खास गंमत आहे, बरेच बिल्डर ओसी यायच्या आधीच "फिट-आऊट"साठी, म्हणजे आतलं फर्निचर-सजावटीचं काम करून घ्यायला, चाव्या देतात आणि त्याचंही एक लेटर असतं. लोक तेच पझेशन लेटर समजून जपून ठेवतात आणि उद्या बिल्डर तीच तारीख धरून पाच वर्षं मोजायला लागतो. दोन्ही लेटरं मिळवा.

हरवलं असेल तर कुठे शोधायचं? सोसायटीत. मेंबरशिपच्या अर्जाला बहुतेक वेळा जोडलेलं असतं, आमच्याकडे प्रत्येक मेंबरच्या फाईलमध्ये आहे. ओनरचं लोन असेल तर त्याच्या बँकेकडे, तिथे जमा कागदांची यादी मागायची, एलओडी म्हणतात तिला. आणि लाईटच्या मीटरवर नाव बदलताना स्कॅन करून पाठवलं असेल तर त्यांच्या मेलच्या सेंट बॉक्समध्ये पडलेलं असणार (मुलुंडला महावितरण आहे ना तुमच्याकडे).

एक विचारतो, सरळ उत्तर द्या. फ्लॅट सेलचा आहे का रिहॅबचा? म्हणजे जुनी सोसायटी पाडून रिडेव्हलपमेंट झालेली आणि हे ओनर जुने मेंबर, असं तर नाही? तसं असेल तर त्यांचा बिल्डरशी करार वेगळा असतो, पीएएए म्हणतात, आणि दुरुस्तीची हमी सोसायटीच्या डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटमध्ये शोधावी लागते. तिथे पाच ऐवजी तीन वर्षं लिहिलेली मी स्वतः बघितलीयेत.

मुलुंडला_निघालेला :

काका खूप आभार. सेलचा आहे, बिल्डरकडून पहिल्यांदा ह्यांनीच घेतलेला, इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, बघितलाय मी ऑनलाइन. जुन्या मेंबरांची वेगळी विंग आहे. फिट-आऊटचं ओनरना विचारतो.

कांजूरची_वैदेही :

अगदी हेच माझ्याबरोबर झालं दोन वर्षांपूर्वी, फक्त मी मूर्खासारखं रजिस्ट्रेशन झाल्यावर विचारायला सुरुवात केली. विकणारे काका-काकू भले होते पण एकदा पैसे खात्यात पडले की भली माणसंसुद्धा फोन दुसऱ्या दिवशी उचलतात, मग चौथ्या दिवशी, मग नातू उचलतो. म्हणून आत्ताच करा जे काय ते.

फोन करूच नका बिल्डरला. मेल. आणि तो मेल ओनरने त्यांच्या रजिस्टर्ड आयडीवरून करायचा, तुम्हाला सीसीमध्ये ठेवून. मजकूर साधा ठेवा, की आम्ही फ्लॅट अमुक ह्यांना विकतोय, पझेशन लेटर, ओसीची प्रत, हँडओव्हरच्या वेळची चेकलिस्ट, वॉटरप्रूफिंगचं गॅरंटी सर्टिफिकेट, खिडक्या आणि नळ-फिटिंगच्या वॉरंट्या ह्याच्या सॉफ्ट कॉपी दोघांना पाठवा. त्याच मेलमध्ये खाली गळतीचे फोटो, तारखेसकट. हे महत्त्वाचंय कारण कायदा "नजरेस आणून दिला" म्हणतो, म्हणजे दुरुस्ती कधी का होईना, तक्रार पाच वर्षांच्या आत पोचलेली दिसली पाहिजे. मी मेलचीच प्रिंट काढून वर स्पीड पोस्टानेही पाठवली, पावती अजून कपाटात आहे, नवरा हसतो मला. बिल्डरचं कस्टमर अ‍ॅप असेल तर त्यातही बघायला सांगा हं, माझ्या केसमध्ये अर्धे कागद तिथे "डॉक्युमेंट्स"मध्ये होते आणि काकूंना अ‍ॅप म्हणजे मेंटेनन्स भरायचं एवढंच माहीत.

आता तुमच्या वॉर्डरोबच्या वासाबद्दल. ओनरनी आत इंटिरियरचं काम करताना बाथरूम फोडलं होतं का हे विचारा, आणि नुसतं विचारू नका, टाईल्स बघा. आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात एक पॅरा होता की बाथरूम, टॉयलेट, किचनमध्ये पाइप किंवा फिटिंगला हात लावला आणि बिल्डरची लेखी परवानगी नसेल तर डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे दोष दुरुस्त करायची बिल्डरची जबाबदारी, आपोआप रद्द. काकूंनी बाथटब काढून शॉवरची काच बसवली होती, टाईल्स इटालियन का कुठल्याशा, सुंदर दिसत होत्या. बिल्डरचा इंजिनियर आला, दारातूनच बाथरूमकडे बघितलं, मोबाईलवर एक फोटो काढला आणि "मॅडम हे आमचं काम नाही" म्हणून निघून गेला. पाच मिनिटंसुद्धा थांबला नाही. बाहेरच्या भिंतीची गळती मात्र करून दिली, मार्चमध्ये मेल केलेला, झुल्यावर लटकून बाहेरून काम करणारी माणसं मे संपता संपता आली.

मुलुंडला_निघालेला :

ताई बाप रे. ह्यांच्या मास्टर बाथरूमच्या टाईल्स मोठ्या राखाडी आहेत आणि कॉमन बाथरूमच्या छोट्या क्रीम कलरच्या. मला वाटलं बिल्डरनेच वेगवेगळ्या दिल्या असतील.

कांजूरची_वैदेही :

नाही हो बिल्डर कशाला एवढी हौस करेल. वरच्या मजल्यावरच्या कुणाचं तरी मास्टर बाथरूम बघून या.

सावळा_गोंधळ :

कशाला एवढ्या भानगडीत पडताय. दोन-तीन लाख किंमत कमी करून घ्या आणि आपला माणूस लावून वॉटरप्रूफिंग करा, विषय संपला. बिल्डरच्या मागे लागून कुणाचं भलं झालंय.

सेक्रेटरी_काका :

गोंधळराव, बाथरूमचं तसं करता येईल, ते घराच्या आतलं. पण खिडकीखालची ओल बाहेरच्या भिंतीतून येतेय, किंवा खिडकीची फ्रेम आणि भिंत ह्यांच्यातलं सीलंट सुटलंय. आतून कितीही केमिकल मारा, एक पावसाळा थांबेल आणि दुसऱ्याला बाजूने फुटेल. बाहेरून करायचं म्हटलं की ते सोसायटीचं काम, झुला लावायला परवानगी, आणि सोसायटी म्हणणार पाच वर्षं झालेली नाहीत, बिल्डरकडून करून घ्या. फिरून तिथेच आलात. किंमत जरूर कमी करा, पण वॉरंटी सोडू नका.

आणि मुलुंडकर, सोसायटी ऑफिसात जाताच आहात तर आणखी किती फ्लॅटना अशी ओल आहे ते विचारून घ्या. एकट्याच्या मेलला बिल्डर जुमानत नाही, एकाच विंगचे बारा जण आले की लगेच साईट व्हिजिट होते. स्थानिक कायदा वेगळं काही सांगत नसेल तर कम्प्लिशन सर्टिफिकेट (काम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळाल्यापासून तीस दिवसांत कागदपत्रं आणि नकाशे सोसायटीच्या ताब्यात द्यायची जबाबदारीही त्याच कायद्याने बिल्डरवर आहे, कलम १७. लिफ्ट, पंप, टेरेसचं वॉटरप्रूफिंग ह्यांच्या गॅरंट्या त्यातच असायला हव्यात. टेरेसची सहसा दहा वर्षांची असते आणि ती बिल्डरची नसून वॉटरप्रूफिंगवाल्या एजन्सीची असते, स्टँप पेपरवर. तुम्ही टॉप फ्लोअरला नसाल तर सोडून द्या.

रेडिंगहून_दादा :

थोडं अवांतर. मी इंग्लंडमध्ये असतो, इथे नवीन घराला खरंच एक सर्टिफिकेट येतं, एनएचबीसी नावाच्या संस्थेची बिल्डमार्क वॉरंटी ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. दहा वर्षांची, पहिली दोन वर्षं बिल्डरने दुरुस्त करायचं आणि पुढची आठ मोठ्या दोषांसाठी विम्याचं कव्हर, घर विकलं तरी चालू राहतं. गूगलवर "न्यू होम वॉरंटी सर्टिफिकेट मिसिंग" टाकलं की सगळं तिकडचंच येतं. माझ्या भावाने ठाण्यात फ्लॅट घेताना ते वाचून बिल्डरकडे "दहा वर्षांचं इन्शुरन्स सर्टिफिकेट" मागितलं होतं, ते लोक दोन दिवस एकमेकांना विचारत होते हे काय असतं. तर ते शोधण्यात वेळ घालवू नका.

पंखा_फुल_स्पीड :

पंधरा वर्षं सर्व्हिस लाईनमध्ये काढलीयेत तर वस्तूंचं मी सांगतो. बिल नाही म्हणून रडू नका, सिरीयल नंबर आहे ना. एसीच्या इनडोअर युनिटच्या बाजूला किंवा खाली स्टिकर असतो, आऊटडोअरवर वेगळा, दोन्हीचे फोटो काढा. गीझरचा तळाला, जिथे वायर आत जाते तिथे, मोबाईल उलटा धरून फोटो घ्यायचा. चिमणीचा जाळी काढल्यावर आत दिसतो, हॉबचा खालून, त्यासाठी ड्रॉवर काढावा लागतो. मग कंपनीच्या टोल फ्रीवर फोन करून सिरीयल नंबर द्या आणि विचारा रजिस्ट्रेशन कुठल्या तारखेचं दिसतंय. ओनरने इन्स्टॉलेशन कंपनीकडूनच केलं असेल तर त्यांच्या मोबाईल नंबरवर रेकॉर्ड निघतं. काहीच नसेल तर पुष्कळ कंपन्या मॅन्युफॅक्चरिंगच्या महिन्यापासून वॉरंटी धरतात, म्हणजे तीन-चार महिन्यांचा तोटा, बाकी काही नाही. ऑनलाइन घेतलं असेल तर शॉपिंग अ‍ॅपच्या जुन्या ऑर्डरमध्ये बिल आजही डाऊनलोड होतं, दोन मिनिटांचं काम, पण ते ओनरलाच करता येतं.

अडीच वर्षांत एसीची साधी एक वर्षाची वॉरंटी गेलीच असणार, पण कंप्रेसरची पाच-दहा वर्षं असते आणि गीझरच्या टाकीचीही वेगळी असते, ती जिवंत असेल. त्यासाठीच हा खटाटोप.

आणि एक कुणी सांगत नाही, मेन डोअरला कॉम्प्युटर कीचं कुलूप असेल तर किल्ल्यांबरोबर एक छोटं कोडचं कार्ड येतं, क्रेडिट कार्डाएवढं. ते नसेल तर कंपनीकडून डुप्लिकेट किल्ली काढताना जीव जातो. कार्ड मिळालंच नाही तर सरळ सिलिंडर बदला, तसंही रिसेलमध्ये आधीच्या माणसाच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत कुणास ठाऊक, कामवाली, इस्त्रीवाला, मेहुणा.

वकील_आहे_पण_फुकट_नाही :

नाव गमतीचं आहे, हे फुकटच सांगतोय.

तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये कागदांची यादी टाका, शेवटी परिशिष्ट म्हणून, आणि विकणाऱ्याने लिहून द्यावं की त्याच्याकडे असलेले सगळे हक्क, हमी आणि वॉरंट्या तो तुमच्या नावे करतोय, आणि आत कुठलंही तोडफोडीचं काम केलंय का नाही. खोटं लिहून द्यायला माणूस कचरतो, त्यामुळे टाईल्सचं उत्तर आपोआप मिळेल. बँकेचे पैसे थेट विकणाऱ्याला किंवा त्याच्या बँकेला जातात, ते तुम्ही अडवू शकत नाही. पण तुमच्या स्वतःच्या हिश्शातले एक-दोन लाख चाव्या आणि कागद हातात पडतील त्या दिवशी द्यायचे असं लिहून घ्या. बिल्डरकडून कागद आणायला विकणाऱ्याचं एक साधं ऑथोरिटी लेटर तुमच्या नावाने घ्या, सहीसोबत पॅन-आधारची झेरॉक्स.

प्रोजेक्टचा महारेराचा (महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाचा) नंबर त्यांच्या मूळ अ‍ॅग्रीमेंटमध्ये असेल, उपनगर जिल्ह्याचा म्हणजे पी५१८ ने सुरू होणारा. महारेराच्या साईटवर तो टाका, ओसी, मंजूर नकाशे, आर्किटेक्टचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म ४, जे काही बिल्डरने अपलोड केलंय ते तिथून उतरवता येतं. ओसी तिथे नसेल तर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्यात माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवस.

मूळ रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटच हरवलेलं निघालं तर मात्र सगळं थांबवा. पोलिसांत लॉस्ट रिपोर्ट, पेपरात जाहीर नोटीस, सब-रजिस्ट्रारकडून सर्टिफाइड कॉपी, हे सगळं विकणाऱ्याने त्याच्या खर्चाने करायचं, आणि तुमची बँक काय म्हणते ते आधी लेखी घ्यायचं.

जाता जाता, ते कॅनडाला चाललेत म्हणताय. व्यवहार पूर्ण व्हायच्या आत ते आयकराच्या हिशोबात एनआरआय झाले तर १ टक्का टीडीएसचा नेहमीचा नियम लागत नाही, बराच जास्त कापावा लागतो आणि चुकलात तर नोटीस तुम्हाला येते. सीएला विचारल्याशिवाय तारीख पुढे ढकलू नका.

सावळा_गोंधळ :

मी आपलं दोन ओळींत उरकत होतो, इथे आख्खा कायदा निघाला. वाचतोय मात्र, पुढच्या वर्षी मलाही घ्यायचाय.

मुलुंडला_निघालेला :

मंडळी अपडेट देतो. सगळ्यांचं ऐकलं.

सोसायटीचे सेक्रेटरी आधी जरा आखडले, मग काकांनी सांगितलं तसं "किती फ्लॅटना ओल आहे" विचारलं तर एकदम खुलले, खुर्ची दिली, चहा मागवला. आमच्याच लाईनमध्ये वर-खाली सात फ्लॅट. सगळ्यांना हॉलच्या खिडकीखाली, अगदी त्याच कोपऱ्यात. बिल्डरला एक कॉमन पत्र गेलंय मागच्या महिन्यात, त्यात आमचा फ्लॅट नंबर नव्हता कारण ओनरनी सही करायलाच नकार दिला, विकताना गळतीचा बोभाटा नको म्हणून. राग आला खरा, पण त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. आता त्यांनी वैदेहीताईंनी सांगितला तसा मेल केलाय, मी सीसीत, सोसायटीही सीसीत.

पझेशन लेटर सोसायटीच्या फाईलमध्ये होतं. १४ जानेवारी २०२३. म्हणजे १४ जानेवारी २०२८ पर्यंत मुदत, अजून दोन पावसाळे पूर्ण मिळतात. पण त्यालाच स्टेपल केलेलं आणखी एक होतं, फिट-आऊटचं, सप्टेंबर २०२२ चं, काका तुम्ही म्हणालात तस्संच. म्हणून मी कॅलेंडरवर सप्टेंबर २०२७ ची खूण केलीय, वाद नको.

बाथरूमचं मात्र वाईट. नवव्या मजल्यावरच्या काकूंचं मास्टर बाथरूम बघून आलो, छोट्या क्रीम कलरच्या टाईल्स. ओनरना विचारलं तर आधी "नाही नाही" आणि वकीलसाहेबांच्या त्या लिहून देण्याच्या क्लॉजचं नाव काढल्यावर "हां ते थोडं रिनोव्हेशन केलेलं". बिल्डरची परवानगी वगैरे काही नाही. ते माझ्याच गळ्यात. दीड लाख कमी केलेत त्यांनी, मी अडीच मागितले होते, एजंटने मध्ये पडून तेवढ्यावर आणलं. वॉर्डरोबची मागची बाजू उघडून बघणार आहे चाव्या मिळाल्यावर.

आणि ती जाडजूड फाईल सापडली! माळ्यावर, गीझरच्या रिकाम्या खोक्यात. वहिनींनी पॅकिंगसाठी खोकं खाली काढलं तर आत फाईल, दोन एसीची वॉरंटी कार्डं, हँडओव्हरची चेकलिस्ट आणि कुलपाचं ते छोटं कार्ड. कुणी ठेवली ह्यावर अजून चालूच आहे त्यांचं. चेकलिस्टवर हॉलच्या खिडकीपुढे पेनाने "सीलंट पेंडिंग" लिहिलंय आणि खाली बिल्डरच्या माणसाची सही आहे.

सेक्रेटरी_काका :

त्या सहीचा फोटो आज रात्रीच मेलला जोडा. उद्यावर टाकू नका.